मांडीवरचा फोन

देगलूरहून नांदेडला निघालेल्या काळीपिवळी जीपमध्ये मला पुढची जागा मिळाली. ड्रायव्हरनं गळ्यातल्या रुमालानं काच पुसली आणि स्वतःचा मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला.

"पुढं बसंल त्यानं फोन घ्यायचा. आपल्या जीपचा कायदा हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "मिनिटभर बोललं तर काय हुतंय?"

रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "उसाची ट्रॉली बी मिनिटातच आडवी येती."

नरसीच्या अलीकडं फोन वाजला. त्याची बायको होती.

"गाडी चालू हाय का?"

चालू आहे म्हटल्यावर तिनं आवाज बारीक केला. "लेकीला पोरगी झाली. दोघी बेस हायत. पण गाडी उभी राहीस्तोवर सांगू नका, त्यांचं ध्यान उडतंय."

"काय म्हणली?" त्यानं विचारलं.

"सावकाश या म्हणाल्या."

मग नांदेडपर्यंत मी खिडकीबाहेर बघत हसू दाबत राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही, वेगही वाढवला नाही.

स्टँडवर त्यानं जीप कडेला लावली, हँडब्रेक ओढला, चावी काढून खिशात टाकली आणि अख्खा माझ्याकडं वळला.

"आता सांगा. पोरगा का पोरगी?"