तांब्या भरलेलाच राहिला

मंगळवारी आमच्या मिरचीच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली आणि मी पंगतीत सगळ्यांत शेवटी जाऊन बसलो... कारण चुलीवर डाळ तयार होती आणि त्या डाळीत माझी लबाडी होती.

नंदुरबारला आमचा छोटा कारखाना आहे, लाल मिरचीची पावडर करतो. वडिलांच्या वेळेपासून एक रीत आहे. नवा लॉट दळला की त्यातली पहिली पावडर त्या दिवशीच्या डाळीत पडते आणि सगळे मिळून जेवतात.

डाळ करतात रतनमावशी. देठ खुडणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. मी चड्डीत फिरायचो तेव्हापासून मला रागावायचा हक्क त्यांचा आहे, आणि तो त्या अजून वापरतात.

यंदा चांगल्या मिरचीचा नुसता भाव ऐकूनच ठसका लागतो. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सुरतचं, ते जुन्याच रेटवर अडून बसलं. ते तुटलं तर मशीन बंद आणि या सगळ्या बायका घरी... शेवटी मी गुपचूप थोडी फटकी मिसळली. फटकी म्हणजे पावसात भिजून पांढरी पडलेली स्वस्त मिरची.

बाकीचा माल इतका लालभडक, की रंगात काही कळलंच नाही. लॅबचा रिपोर्टही पास! स्वतःवर जाम खूश होतो मी. फक्त एवढी हुशारी करताना डाळ विसरलो.

नव्या लॉटच्या दिवशी आमच्या पंगतीत नुसतं सू... सू... चालतं. नाकं वाहतात, पाण्याचा तांब्या हातोहात फिरतो आणि शेवटच्याला हमखास रिकामा मिळतो. मंगळवारी मात्र सगळे शांतपणे जेवले. कुणी तांब्याला हातही लावला नाही.

रतनमावशी माझ्यासमोर ताट ठेवून त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, पानीना तांब्या भरेल तसाच शे. तू बी खाई पाह्य."

खाल्लं. जिभेला काही झालं नाही, घशात मागून जरासा कुबट वास आला. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं... फटकीचं, सुरतचं, मशीनचं.

वाटलं, आता खरडपट्टी निघणार. पण मावशींनी ताटात अजून एक भाकरी वाढली. "खराब नही शे ती, भाऊ. पन आपली नही शे."

संध्याकाळी सुरतला फोन लावला, खरं ते सांगितलं. जुन्या रेटला जुनी चव जमत नाही म्हटलं. पलीकडून उत्तर आलं, रेट थोडा वाढवून देतो, माल थोडा कमी पाठवा, पण नेहमीचाच पाठवा. मिसळलेला लॉट एका फरसाणवाल्याला स्पष्ट सांगून कमी भावात दिला. नफा यंदा बेताचाच राहील. मशीन चालू राहील, बायकाही राहतील.

आज नवा लॉट दळला. पहिल्याच घासाला सगळी पंगत सू सू करायला लागली, रतनमावशींनी पदराने नाक पुसलं आणि तांब्या माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यात थेंब नव्हता.

"आते पानी लई ये, भाऊ!" मावशी ओरडल्या.

मी हसत, डोळे पुसत माठाकडे पळालो. रिकाम्या तांब्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.