आहेराच्या शर्टावर फिरवलेली इस्तरी

धाकट्या साल्याचं लग्न मे महिन्यात होतं. हळदीच्या दुपारी डोणगावला सासुरवाडीत पोचलो, तर सासऱ्यांनी आहेराचा शिवलेला शर्टच हातावर ठेवला. आमच्याकडे जावयानं आहेराचा कपडा मांडवात घातला नाही, तर जावई रुसला असंच धरतात. त्यात सासऱ्यांचा सगळा जन्म कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला ताके उलगडून दाखवण्यात गेलेला.

वरच्या खोलीत घडी मोडली आणि माझा चेहरा पडला. एक पट्टी सपाट, तिच्या शेजारची पार चुरगळलेली, अशा निळ्या-पांढऱ्या पट्ट्या. कुणीतरी आहेराच्या गाठोड्यावर बसलं असावं! मी आचाऱ्याकडून भाताची पेज मागून आणली, शर्टाला खळ दिली आणि घामाघूम होत तासभर इस्तरी रेटली. शर्ट पत्र्यासारखा झाला. मीच माझी पाठ थोपटली.

तेवढ्यात बायको आली. हात हळदीनं भरलेले, त्यामुळे शर्टाला हात लावता येईना. तोंड मात्र मोकळं होतं.

"अहो, हे काय करून ठेवलं? विणतानाच काही धागे ढिले सोडतात त्यात, म्हणून त्या चुण्या येतात. चुण्या अंगाले टेकत नाहीत, खालून हवा खेळते. तुमच्या घामासाठी बाबांनी हे कापड मुद्दाम शोधून आणलं न् तुम्ही त्याचा पापड केला!"

"आता?"

"आता बुडवा बादलीत. बाबा उद्या हात लावून पाह्यतीलच."

बादलीत बुडवला, तीन पाण्यांतून काढला, न पिळता गच्चीवर टांगला आणि खाली उकिडवा बसलो. ऊन असं, की अर्ध्या तासात पहिली चुणी वर आली. मग दुसरी. चुरगळलेलं कापड पाहून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मांडवात शेजारचे पाहुणे घामानं चिंब, आणि माझी पाठ कोरडी. सासऱ्यांनी बाही चिमटीत धरली, मग कॉलर.

"जवाईबापू, कॉलर काऊन कडक लागून राह्यली?"

"थोडी... पेज."

सासऱ्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि ते माझ्या कानाशी आले. "म्या तं नोकरीच्या पयल्या हप्त्यात ह्याच कापडाच्या अख्ख्या ताक्यावर इस्तरी फिरवली होती. चुण्या गेलेल्या पाहून मालकानं मलेच धुतलं."

मग मोठ्यानं म्हणाले, "शोभते बरं का!" आणि मला हाताला धरून पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं.