चांदीत न उतरलेला भुंगा

मी चांदीचे दागिने करते म्हटलं की लोकांना पैंजण-जोडवी आठवतात. माझे वेगळे असतात. बाभळीची शेंग, टाकळ्याचं पान, नाकतोड्याचा पाय, असलं काहीबाही मी कानातल्यांत आणि ब्रोचमध्ये उतरवते. पद्धत सोपी आणि निर्दय आहे. खरी वस्तू प्लास्टरमध्ये पुरायची, प्लास्टर भट्टीत तापवायचं, आतल्या वस्तूची राख झाली की ती फुंकून काढायची आणि उरलेल्या पोकळीत वितळलेली चांदी ओतायची. प्रदर्शनात बायका हमखास विचारतात, "आत खरी शेंग आहे का हो?" जळली ती, असं सांगितलं की कानातलं खाली ठेवतात. पूर्वी मला त्यांचा राग यायचा.

शेंग वाया गेली तर दुसरी मिळते, म्हणून ओतकाम फसायची भीती मला कधी वाटली नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फर्दापूरकडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सुट्टीचा दिवस डोंगरात. सापडलेले किडे टाचणीवर लावून काचेच्या पेट्यांत ठेवायचे, खाली चिठ्ठी. स्वतः पाहिलं नाही ते वर्गात सांगायचं नाही, हा त्यांचा नेम होता आणि त्यांना त्याचा गर्वही होता. निवृत्तीनंतर ते पेट्यांसकट माझ्याकडे गारखेड्याला आले. पेट्या मी माळ्यावर टाकल्या आणि विसरले. डांबराच्या चार गोळ्या टाकायला काही पहाड फोडावा लागत नव्हता, पण नाही टाकल्या. इकडे काचबिंदूनं अण्णांची नजर गेली. एक दिवस त्यांनी पेट्या मागितल्या, तेव्हा आत भुसा, गंजलेल्या टाचण्या आणि चिठ्ठ्या एवढंच उरलं होतं. सगळं किड्यांनी खाल्लं होतं. किड्यांचा संग्रह किड्यांनीच.

एक भुंगा तेवढा वाचला होता. अंगठ्याएवढा, काळा, डोक्यावर शिंग असलेला. अण्णा रोज तो मागायचे, तळहातावर घेऊन बोटानं चाचपायचे. दर वेळी काहीतरी मोडायचं. आधी एक पाय, मग दुसरा. शेवटी तेच म्हणाले, "नको देऊ आता मला. माझा हात लई वाईट झालाय." त्यांच्या हाताबद्दल असं कोणी बोललेलं मला खपलं नसतं, आणि ते स्वतःच बोलत होते. मी म्हटलं, चांदीत करून देते. मग कितीही चाचपा.

"एकच राहिलाय माय. करशील ना नीट?"

"रोजचंच काम आहे अण्णा माझं."

हे काम मला शहागंजातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांचा पहिला धडा होता, "जो जलता नहीं, वो अंदर नक्को." भुंग्याच्या पाठीत अण्णांची टाचणी होती, गंजून अंगात रुतलेली. ओढून पाहिली तर पाठीला चीर गेली. मी घाबरले. चाचांना विचारायला हवं होतं, पण पंधरा वर्षं काम केलेल्या बाईनं आता काय विचारायचं? पकडीनं टाचणीची दोन्ही टोकं कापली आणि आतला तुकडा तसाच राहू दिला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

प्लास्टर फोडलं तेव्हा हातात अर्धा भुंगा आला. भट्टीत तो लोखंडाचा तुकडा गंजून फुगला होता, आतलं प्लास्टर उचकटून कमरेपाशी अडकलं होतं. चांदी पोटात भरली आणि तिथंच थांबली. डोकं नाही, शिंग नाही. खरा भुंगा तर राख झालेला. मी तो अर्धा गोळा हातात घेऊन बसून राहिले. रडूही आलं नाही.

अण्णा विचारायचे, मी आज-उद्या करायचे. मग शेजारणीच्या माहेराहून, वैजापूरकडून, एक भुंगा मिळाला. शेणखताच्या ढिगातला साधा गेंड्या भुंगा, मेलेला. तेवढाच मोठा, तसाच काळा, शिंगवाला. उलट याचं शिंग अखंड होतं. अण्णांच्या भुंग्याचं टोकाशी फुटलेलं होतं, कधीतरी मोडलं असणार असं मी धरून चालले होते. अण्णांच्या हातून मोडलेले दोन पाय मी याचेही तोडले. हा भुंगा पहिल्या झटक्यात सुबक उतरला. मी तो अण्णांच्या हातावर ठेवला.

त्यांनी पाय मोजले. पाठ चाचपली. बोट शिंगावर गेलं आणि तिथंच थांबलं. टोकावरून पुन्हापुन्हा फिरत राहिलं.

"एकच टोक हाय."

"हो."

"दोन पाहिजेत. फाटा असतो. म्हणून तर तो येगळा होता. साधा गेंड्या उकिरड्यावर कुठंबी मिळतो."

माझ्या मोबाइलमध्ये पहिल्या भुंग्याचा, जाळण्याआधी काढलेला फोटो होता. त्यांच्यासमोरच उघडून पाहिला. शिंगाला दोन सारखी, गुळगुळीत टोकं होती. मोडलेलं काहीच नव्हतं. महिनाभर तो भुंगा माझ्या टेबलावर होता, आणि पोट मी याच असल्या निरीक्षणावर भरते. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात तेच म्हणाले, "चांदीत जसंच्या तसं उतरतं, व्हय ना?"

"उतरतं," मी म्हणाले.

त्यांनी भुंगा माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "म्हणजे साधा गेंड्याच होता. बोटांनाबी भासच होत होता. मी आयुष्यभर पोरांना चुकीचं सांगितलं." आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी मला त्यांची नोंदवही आणायला लावली, पान शोधायला लावलं. "वाच."

मी वाचलं. शिंगाला टोकाशी फाटा, दोन्ही टोके सारखी, स्वतः पाहिले.

"खोड ते."

"राहू द्या ना अण्णा."

"नाय. उद्या कोणी वाचून फसंल. पट्टी लावून खोड."

पेनाचा आवाज थांबेपर्यंत ते कान देऊन बसले होते. मी पट्टी लावली आणि ती खरी ओळ शेवटच्या शब्दापर्यंत खोडली.