लॉर्नला सगळं माहीत होतं

आमच्या गावात कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, बर्फ लॉर्न कॉस्टियुक तयार करायचा. पाठीवर पाण्याची टाकी अडकवून तो उलट्या पावलांनी चालत बर्फावर थेंब शिंपडत जाई. ते थेंब गोठले की खेळातला जड दगड त्यावरून छान सरकतो. शनिवारी गावातल्या मुलांना खेळ शिकवायचा तोही लॉर्नच. मी त्याच्या संघात होतो.

एका सकाळी क्लबात आमच्याच संघातला वॉल्टर लॉर्नसमोर येऊन बसला. कसं सांगावं ते त्याला सुचेना.

"लॉर्न, काल मी पलीकडच्या गावात व्हर्नाला पाहिलं. तुझ्या बायकोला. त्या गुरांच्या डॉक्टरबरोबर. हातात हात घालून बसले होते."

"मार्सेलबरोबर? हो, माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"अरे, आमचं तसं ठरलंय. मधे माझीही एक मैत्रीण होती. ती रेजायना शहरात राहायला गेली. व्हर्ना अजून तिला वाढदिवसाला फोन करते."

वॉल्टरला कॉफीचा ठसका लागला.

चोरून चाललेलं असतं, तर गावाने चार दिवस चघळून सोडून दिलं असतं. नवऱ्याला माहीत आहे आणि तरी तो झोपतो, जेवतो, हसतो, हे मात्र कोणाच्या पचनी पडेना. लॉर्न आला की पुरुषांचे विनोद थांबत. बायका त्याला बटाट्याचं सारण भरलेले पिरोगी आणून देत, कोणी गेल्यावर देतात तसे. व्हर्नाच्या वाट्याला टोमणे. दुकानात एकीने विचारलंच, "एक पुरत नाही वाटतं?"

"तुझा तुला पुरतो ना? मग झालं की," व्हर्ना म्हणाली आणि पुढचं सामान घेऊ लागली.

लॉर्नला असं बोलता येत नसे. तो आतल्या आत घुसमटायचा. एकदा माझ्या गाडीत बसला होता. काच खाली करायचा, वर घ्यायचा, पुन्हा खाली.

"मला राग यायला हवा का रे?" त्याने विचारलं.

"येतो का?"

"सगळे असे बघतात की मी स्वतःला चाचपत बसतो. मग कधीकधी राग सापडतोही. व्हर्नाशी बोललो की जातो. पण तो माझा होता की यांनी दिलेला, तेच कळत नाही."

पुढे क्लबाच्या अध्यक्षा डोरीनबाईंनी त्याला बोलावलं. "आईबाप कुरकुर करतायत, लॉर्न. मुलांनी तुझ्याकडून शिकायचं काय?"

"दगड नीट सोडायला," लॉर्न म्हणाला.

मुलांना शिकवायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. बर्फाचं काम ठेवलं. ते दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं.

वार्षिक स्पर्धेच्या तोंडावर वॉल्टर आमचा संघ सोडून गेला. त्याच्या जागी लॉर्नने मार्सेलला आणलं. मी म्हटलं, "कशाला उगाच?" तो म्हणाला, "चांगला खेळतो म्हणून."

सगळं गाव काचेला नाक लावून उभं. मार्सेलने दगड सोडला आणि तो लांब जावा म्हणून लॉर्न दगडापुढे ब्रशने जीव तोडून बर्फ घासत धावला. व्हर्ना दोघांच्याही नावाने ओरडत होती. आम्ही सपाटून हरलो. मार्सेल तितकासा चांगला खेळत नव्हता.

नंतर वॉल्टरची बायको आयरीन लॉर्नला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाली, "घरात हा विषय पहिल्यांदा कोणी काढला रे? तू की तिने?"

"का गं?"

"सहजच," ती म्हणाली आणि तिने वॉल्टर कुठे आहे ते बघून घेतलं.

क्लबातली मुलं त्याला शिकवायला परत मिळाली नाहीत. आता दर शनिवारी तो मार्सेलच्या गावात शिकवायला जातो. तिथेही कळलंय. एका बापाने मुलीला काढून नेलं, बाकीचे राहिले. परवा मी बघायला गेलो होतो. एका पोराचा बूट बांधता बांधता लॉर्न दाराकडे सारखा बघत होता. कोणी मोठं माणूस आत आलं की त्याचा हात थांबायचा.