किसिमानीची दादा

कळंब्याच्या तलावावर सकाळी फिरायला जायची सवय मला निवृत्तीनंतर लागली. त्या दिवशी मी बांधावरून परत वळले आणि फोन वाजला. रुबीनाचा, म्हणजे शमीमभाभींच्या सुनेचा. "बाई, अम्मी उठंना झाल्यात," एवढंच ती म्हणाली. ताप भरला असेल, असं मला वाटलं. "डॉक्टरांना बोलाव, मी आलेच," म्हणून मी रिक्षा शोधायला लागले. उचगावच्या पुलाजवळ पुन्हा फोन आला. या वेळी भाभींचा मुलगा इरफान होता. मागून बायकांच्या रडण्याचा आवाज तेवढा येत होता...

आदल्या संध्याकाळी तर मी त्यांच्याच घरी होते! पुढच्या आठवड्यात त्या टांझानियाला निघणार होत्या. कांदा-लसूण चटणी डब्यात दाबून भरत होत्या आणि "इमानात तेल गळलं तर मलाच खाली उतरवतील की," म्हणून स्वतःच हसत होत्या. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हसत्याखेळत्या माणसाचं हृदय असं कसं बंद पडतं? काही आठवडे उलटले, तरी हा प्रश्न मी रोज कुणाला ना कुणाला विचारते आहे.

शमीम मुजावर या मूळच्या नर्स. लग्नाआधी कोल्हापुरात एका दवाखान्यात काम करायच्या. नवरा उस्मानभाई साखर कारखान्यात फिटर. आपल्याकडचे पुष्कळ कारागीर आफ्रिकेतल्या कारखान्यांवर कराराने जातात, तसे तेही गेले आणि मागोमाग भाभी लहानग्या इरफानला घेऊन गेल्या. कारखान्याजवळ किसिमानी नावाचं खेडं होतं. तिथल्या छोट्या दवाखान्यात नीमा नावाची एक नवी नर्स एकटीच बाळंतपणं करत होती. भाभी एक दिवस सहज बघायला गेल्या आणि पुढची कित्येक वर्षं रोज जात राहिल्या. तिकडच्या स्वाहिली भाषेत बहिणीला 'दादा' म्हणतात. त्यामुळं अख्खं खेडं त्यांना 'दादा शमीम' म्हणायचं. उचगावात परतल्यावर त्यांनी हे सांगितलं, तेव्हा बायका पोट धरधरून हसल्या होत्या.

परतल्यावर इरफान गावातल्या शाळेत माझ्या वर्गात आला. तिथपासून आमची ओळख. मी त्यांच्यासाठी कायम 'बाई' आणि त्या माझ्यासाठी भाभी. उस्मानभाई गेल्यावर त्या घरात बसून राहतील, असं वाटलं होतं. त्यांनी उलट गावातल्या महिला मंडळाला किसिमानीशी जोडून दिलं. मंडळाच्या मदतीनं तिथल्या दवाखान्याच्या छपरावर पाण्याची टाकी बसली. तिकडून बायकांनी विणलेल्या चटया आल्या. महापुरात आम्ही खालच्या वस्तीतल्या बायकामुलांना शाळेत ठेवलं होतं, तेव्हा नीमाचा रोज फोन यायचा. आणि एक दिवस तिकडच्या कारखान्यातून सुट्टीवर आलेला एक इंजिनिअर भलंमोठं गाठोडं घेऊन दारात उभा राहिला. आत खांगा होते, तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ती रंगीबेरंगी, मोठाल्या फुलांची कापडं. कुणाच्याच अंगावर कोरडं लुगडं नव्हतं. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात कोल्हापूरच्या बायका आफ्रिकेची फुलं अंगावर घेऊन चुलीपाशी बसल्या होत्या... ते दृश्य मी विसरणार नाही.

या वर्षी किसिमानीत पाऊस फार झाला आणि पाठोपाठ कॉलरा आला. नीमाचा फोन आला, तेव्हा मी भाभींच्या शेजारीच होते. मंडळाची बैठक त्यांनी त्याच दिवशी घेतली. आमच्या शेवंताकाकी तोंडाच्या सडेतोड. त्या म्हणाल्या, "आपल्या गावात दुखणी कमी हाईत व्हय? तिकडं कशाला पैसं वतायचं?"

भाभींनी आवाज चढवला नाही. "शाळंत तुझ्या अंगावर कुणाचं कापड हुतं, शेवंता?"

काकीच उठल्या आणि म्हणाल्या, "काय पाठवायचं ते सांग की मग. बसलीस काय?"

औषधांची खोकी पाठवावीत, असं आमच्या मनात होतं. भाभी म्हणाल्या, आधी नीमाला विचारू. नीमानं सांगितलं, औषधं सरकारकडून आली आहेत. घरात पाणी झाकून ठेवायला तोटी लावलेल्या बादल्या नाहीत, साबण नाही, आणि रोग्यापाशी बसणाऱ्या बाईला दोन वेळचं शिजवून घालायला कुणी नाही. मग आम्ही पैसेच पाठवले आणि बादल्या, साबण, मक्याचं पीठ सगळं तिथल्याच बाजारातून घेतलं गेलं. शेवंताकाकी घरोघरी फिरल्या, भाभींपेक्षा जास्त.

तरी माणसं ऐकेनात. जंतू मारायला विहिरीत टाकलेली पांढरी पूड म्हणजे विष आहे, असं खेड्यात पसरलं होतं. बायका पुन्हा नदीचं पाणी भरायला लागल्या. नीमा फोनवर रडकुंडीला आली. तेव्हा भाभींनी तिला सगळ्यांना गोळा करायला सांगितलं, आणि इकडं स्वयंपाकघरात माझ्या हातात फोन दिला. "नीट धर बाई, नळ दिसला पायजे." त्यांनी नळ सोडला, पेला भरला. पाण्यात टाकतात त्या टीसीएल पावडरीचा उग्र वास मला फोन धरल्या जागेवरही येत होता. मोडक्यातोडक्या स्वाहिलीत त्या काहीबाही बोलल्या, की आमच्या गावच्या पाण्यात हीच पूड असते, माझं अख्खं घर हेच पितं. आणि गटागटा पेला संपवला. पलीकडून एक म्हातारी काहीतरी ओरडली. भाभी खळखळून हसल्या. "काय म्हणाली?" मी विचारलं. "म्हणतीया, पदरानं तोंड पूस आधी."

दुसऱ्या दिवसापासून बायका विहिरीवर परतल्या.

मग नीमाच आजारी पडली. रोग्यांचं करता करता तिलाच लागण झाली. मोठ्या दवाखान्याची गाडी चिखलात अडकून पडलेली. शेजारीण फोन धरून बसली होती आणि पडद्यावर नीमाचा चेहरा एवढासा झालेला, डोळे आत गेलेले. भाभींनी भिंतीला टेकून बसून घेतलं आणि ओरडायला सुरुवात केली. "नीमा! पी की! एक घोट. पी म्हणतीया न्हवं!" ती भाषा नीमाला किती कळत होती, कोण जाणे. पण ती डोळे उघडायची आणि चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी घ्यायची. उलटी व्हायची. भाभी पुन्हा ओरडायच्या. त्यांच्या दारात गर्दी जमली. दुपार कलली, घसा बसला, तरी फोन खाली ठेवला नाही. शेवटी गाडी पोचली, सलाइन लागलं. त्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी त्यांचा हात हातात घेतला, तर बर्फासारखा गार.

"भाभी, तुम्हीपण डॉक्टरांना दाखवा," मी म्हटलं.

"मला काय धाड भरलीया?" म्हणाल्या. आणि मग, "लांबनं न्हाय भागत बाई. रोग उतरू दे, मी जाऊन येते. तिला डोळ्यानं बघायचीया."

रोग उतरला. नीमा हिंडूफिरू लागली. तिकीट आलं. आणि मग ती सकाळ.

दुपारच्या नमाजानंतर त्यांना नेलं. बायका घरीच थांबल्या. रुबीना माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, नीमाखालाला कोण सांगणार? माझ्यानं न्हाय हुयाचं." मी फोन लावला. पलीकडून नीमाचा आनंदी आवाज. माझ्या तुटक्या इंग्रजीत मी सांगितलं. ती म्हणाली, नाही, तुमची चूक होते आहे, काल आमचं बोलणं झालं, ती चटणी आणणार आहे. मी पुन्हा सांगितलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "पण आजारी तर मी होते..."



चाळिसाव्या दिवशी मी उचगावला गेले. फातिहाची प्रार्थना झाली, पाहुणे पांगले. तेवढ्यात नीमाचा फोन आला. किसिमानीच्या दवाखान्याच्या ओट्यावर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मागं रोग्यांच्या रिकाम्या खाटा धुऊन उन्हात टाकलेल्या दिसत होत्या. नीमा म्हणाली, आम्हाला तिची खोली बघायची आहे. रुबीनानं आत नेलं. त्या दिवसापासून तिनं तिथलं काही हलवलं नव्हतं. मी फोन सावकाश फिरवला. भिंतीला टेकलेली लोखंडी कॉट, घडी घातलेली चादर, खुंटीवर बुरखा, खिडकीत चष्मा, कॉटखाली एकमेकींना चिकटून ठेवलेल्या चपला. फोन चपलांपाशी आला तेव्हा पलीकडं काहीतरी हललं, म्हणून मी पडद्याकडं पाहिलं.

किसिमानीतल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. 'तोंड पूस' म्हणणाऱ्या त्या म्हातारीलाही दोघींनी धरून उभं केलं होतं.