वरातीच्या कोटातला मामा

माझा आवाज जन्मापासून मोठा. माजरी गावच्या कोळसा खाणीत सुरुंग उडाला की आमच्या शेजारणी आधी माझ्याकडे बघायच्या. एवढ्या आवाजाला खऱ्या गोष्टी पुरायच्या नाहीत, म्हणून मी त्यात थोडं पदरचं घालत असे.

गडचिरोलीला विद्यापीठात नंबर लागला. बाबांनी आधीच बजावलं होतं, "होस्टेल भेटलं त शिकजो, नाई त घरी ये. भाड्याच्या खोलीत पोरगी ठेवत नाई मी." आणि होस्टेलची अट अशी की गावातच राहणारा एखादा नातेवाईक स्थानिक पालक म्हणून हवा, त्याने स्वतः येऊन सही करायची, तीही आजच. माझे सख्खे मामा धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या खेड्यात. गडचिरोलीत आमच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं.

"तू रांगेत राय, मी मामा घेऊन येतो," असं म्हणून आई बसस्टँडकडे निघाली. जशी काही वांगीच आणायची होती! पण तिचं माहेर धानोऱ्याकडचं, आणि माहेरच्या गावचा कोणीही माणूस तिचा भाऊच. स्टँडवर तिने अर्ध्या जिल्ह्याला गाव विचारलं म्हणतात. उरलेला अर्धा तिला बघून पळाला.

इकडे रांगेत पोरी एकमेकींना विचारत होत्या. कोणाचा काका मास्तर, कोणाची आत्या नर्स.

"तुझं कोण येते?"

"मामा. फॉरेस्टमध्ये मोठे साहेब आहेत." एवढ्यावर थांबायला हवं होतं. "त्यांची गाडी दिसली की वाघ रस्ता सोडून उभा राहतो. मागं एक वाघीण पिल्लं दाखवायला घेऊन आली होती."

"खरंच?"

"मग! मामींनी पिल्लांना दूध पाजलं."

तेवढ्यात फाटकातून आई आली आणि तिच्यामागे एक उंच माणूस. खाकीसारखा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोकदार टोपी. "अगं, आले बघ तुझे साहेब!" पोरी सरसावून उभ्या राहिल्या. मी थक्क. क्षणभर माझा स्वतःवरच विश्वास बसला.

मग साहेब तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायला वळले. पाठीवर लाल अक्षरात लिहिलं होतं: बँड पार्टी, लग्न व वरातीच्या ऑर्डरी घेतल्या जातील. खाली फोन नंबर.

"वाघ यांच्याच बँडवर नाचत असंल गं," मागून कोणीतरी म्हणालं. सगळी रांग हसली. माझे कान इतके तापले की त्यांवर भाकर भाजली असती.

वॉर्डन मॅडमच्या टेबलापुढे आम्ही तिघं उभे राहिलो. पोरी दारात गोळा झालेल्या.

"मुलीचं नाव काय?" मॅडमनी त्याला विचारलं.

तो आईकडे बघत राहिला. "नाव त माहीत नाई, मॅडम. आताच भेट झाली. वरातीतून निंगून आलो. पन ताई माझ्या गावची आहे, अन् मी आता राहतो इथंच गडचिरोलीत."

"भाऊच आहे माझा," आई म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवला. "असा रस्त्यावरून धरून आणलेला माणूस चालते का, बाई? उद्या पोरगी आजारी पडली तर कोण येईल?"

"मी येईन नं," तो म्हणाला. मग त्याने टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि माझ्या पाया पडायला वाकला.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. सख्खे मामा पडतात तेव्हा मी महाराणीसारखी उभी असते. त्या दिवशी मात्र दारातल्या पोरी बघत होत्या. मी पाय मागे ओढले, ते इतके की टाच कपाटावर आपटली. त्याचे हात नुसत्या फरशीवर टेकले. त्याने तीच फरशी शिवून कपाळाला हात लावला.

मॅडम इकडच्याच. त्यांनी सगळं पाहिलं.

"मामा त खरा दिसून राह्यला," त्या म्हणाल्या, "भाचीचंच काही खरं नाई." मग माझ्याकडे वळल्या. "कोण आहेत हे तुझे? सांग. दारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

सुरुंगाशी बरोबरी करणारा माझा आवाज, पण उंदराइतकाही निघेना.

"मामा."

"ऐकू नाई आलं."

"मामा आहेत माझे."

या वेळी कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मॅडमनी बोट ठेवून जागा दाखवली, त्याने वाकून सावकाश सही केली, आणि मला खोली मिळाली.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी अजून खालीच बघत होते. त्याने टोपी उचलली, पण डोक्यावर घातली नाही. काखेत दाबली.

"येतो, भाची," तो हळूच म्हणाला. "कधी बरं नाई वाटलं त निरोप धाड. साध्या कपड्यात येईन."