निघालो म्हणून सांगून जायचं

पाळी सुटली की गेटाकडे निघालेला प्रत्येक माणूस टाइम ऑफिसच्या खिडकीशी थांबायचा आणि आत तोंड घालून म्हणायचा, "अण्णा, निघालो." आतून आवाज यायचा, "नीट जा." मग पुढचा. घाईत असलेलाही थांबायचा, रुसलेलाही थांबायचा. एखादा नुसता हात हलवून सटकला तर अण्णा खुर्चीवरून उठून ओरडायचे, "ओ पावणं! जीभ घरात इसरून आलाय काय?" आणि तो बिचारा गाडी वळवून परत यायचा.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. खिडकीच्या शेजारीच भिंतीवर अंगठ्याचं मशीन होतं. अंगठा टेकला की माणूस किती वाजता बाहेर पडला ते कॉम्प्युटरला कळत होतं. वर पुन्हा तोंडानं कशाला सांगायचं? माझं तोंड पहिल्यापासून फटकळ, तेव्हा तिथल्या तिथं विचारलं. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्याडम, ती मशीनला सांगत्यात. मला कोण सांगणार?"

उचगावच्या बाजूला औद्योगिक वसाहतीत तो ओतकामाचा कारखाना होता. भट्टीत लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, गाड्यांचे सुटे भाग करायचे. मगदूम अण्णा तिथले टाइमकीपर. माझं काम कारखान्यांमध्ये पगाराचं सॉफ्टवेअर बसवण्याचं. म्हणजे पाळी कधी सुरू, कधी बंद, उशीर कशाला म्हणायचं, ओव्हरटाइम कुठून मोजायचा, हे सगळे नियम आधी माणसांकडून काढून घ्यायचे आणि मग कॉम्प्युटरला शिकवायचे. शिकवणं सोपं असतं हो. माणसांकडून काढून घेताना जीव नकोसा होतो.

अण्णा हुपरीहून एसटीनं यायचे. गाव चांदीच्या कामाचं, घराघरात पैंजणं बनतात, अण्णांच्या घरीही तेच. हे एकटे कळते झाल्यावर कारखान्यात भट्टीवर कामाला लागले. पुढे लिहिता-वाचता येतं म्हणून टाइम ऑफिसात घेतलं, आणि होता होता स्टाफ झाले. 'स्टाफ' हा शब्द ते फार जपून उच्चारायचे. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळावर विभूती. बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेल्या, मे महिन्यातसुद्धा. एकदा हात धुताना बाही वर सरकली तेव्हा कोपरापर्यंतचे भाजल्याचे जुने डाग मला दिसले. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी बाही खाली ओढली.

आमचं पहिलं भांडण ओव्हरटाइमच्या नियमावरून झालं. एचआरच्या साहेबांनी मला कागद दिला होता. पहिली पाळी पाचला संपते, तर कॉम्प्युटरनं पाचला प्रत्येकाची हजेरी आपोआप बंद करायची. कोणाला जास्त थांबवायचं असेल तर आधी लेखी मंजुरी, तरच पुढचा वेळ मोजायचा. पुण्यामुंबईकडे बऱ्याच ठिकाणी असंच असतं, मीही लिहून घेतलं. अण्णांनी कागद वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"हे न्हाय चालणार."

"का नाही चालणार?"

"लोखंड पातळ झालं की ते घड्याळ बघत न्हाय. पाचला भोंगा वाजला म्हणून भट्टीवाला हातातलं टाकून जाईल व्हय? दुसऱ्या पाळीचा माणूस येऊन हात लावस्तवर त्यानं तिथंच हुबं ऱ्हायचं असतं. आन् तुमचं मशीन म्हणणार, हा घरला गेला."

"मंजुरी घ्या की मग."

"कुणाची? लोखंडाची?"

मी चिडले. मला दोन कारखाने अजून करायचे होते आणि हा म्हातारा अडून बसला होता. पण जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला डबा उघडून समोर बसवलं, भाकरीवर झुणका वाढला, आणि न विचारता सांगितलं. ते नवीनच टाइम ऑफिसात आले होते. तेव्हा मुकादम येऊन "सगळी गेली" म्हणायचा आणि हे वहीत सगळ्यांपुढे खूण करायचे. एका संध्याकाळी मुकादमानं नेहमीसारखं सांगितलं, यांनी खूण केली, एसटी धरली. त्यातला एकजण वाळूच्या ढिगामागे पडला होता. धुरानं चक्कर आलेली. कुणी शोधलंच नाही, कारण तो गेलेला होता ना, वहीत. दुसऱ्या पाळीच्या माणसाचा पाय लागला तेव्हा उशीर झालेला.

"माझ्याच वयाचा हुता," अण्णा म्हणाले. "भट्टीवर जोडीनं काम केल्यालं. तवापासनं मी ठरिवलं, माणूस तोंडानं सांगस्तवर गेला म्हणायचं न्हाय. खा की, थांबलीस का?"

त्या दिवसापासून ते मला म्याडम म्हणायचं थांबले, पोरी म्हणू लागले, आणि मी त्यांच्या बाजूनं भांडायला लागले.

धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं गेलो. मालकांचा मुलगा, स्वभावानं वाईट नव्हता, पण हिशेबी. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "साहेब, पाचला माणूस आपोआप बंद करताय, मग भट्टीबी आपोआप बंद करा की. दोन्ही करा न्हायतर एकबी नगं." धाकटे साहेब हसले. मग विचारात पडले. शेवटी म्हणाले, बरं, कामगारांची हजेरी जो तो अंगठा लावून बाहेर पडेल तेव्हाच बंद होईल, आणि पाचनंतरचा वेळ ओव्हरटाइममध्ये धरा. पण फक्त कामगारांना. स्टाफला ओव्हरटाइम नाही, स्टाफची हजेरी पाचला आपोआप बंद. अण्णा लगेच हो म्हणाले. जणू आपला काही संबंधच नाही.

टाइम ऑफिसात येऊन मी नावं भरायला बसले. कामगार एका बाजूला, स्टाफ दुसऱ्या. मगदूम हे नाव आलं आणि माझा हात थांबला.

"अण्णा, पहिल्या पाळीचा शेवटचा माणूस जाईपर्यंत रोज तुम्हीच बसता. तुम्हाला कामगारांच्या नियमात घालू? टाइम ऑफिस म्हणून वेगळं करता येतंय."

"खुळी काय तू? मी स्टाफ हाय."

"असाल हो. पण थांबता ना?"

"थांबतोय ते माझं मी. ओव्हरटाइम लेबर मागतंय पोरी. आम्ही खुर्चीवर बसणारी माणसं. खुर्ची भाजत न्हाय."

मी बराच वाद घातला. शेवटी त्यांनीच माझ्या हातातला माउस घेतला, आपल्या नावापुढे 'स्टाफ'वर टिचकी मारली आणि शर्टाची कॉलर सारखी केली. माझा असा संताप झाला होता! पण त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून मी पुढचं नाव घेतलं. भट्टीवरून त्या एका शब्दापर्यंत यायला त्या माणसाचं सगळं आयुष्य गेलं होतं. तो शब्द तो सोडणार नव्हता.

पुढे मी महिन्यातून एखादी चक्कर मारायची. काम नसलं तरी मारायची. अण्णा हुपरीच्या घरी फोन करून अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्ध्या मराठीत अर्ध्या कानडीत सांगायचे, "आलीया बघ तुझी भांडखोर पोरगी," आणि फोन माझ्या हातात द्यायचे. अक्का म्हणायच्या, "ह्यास्नी लवकर घालवा की घरला, रोज शेवटची गाडी." मी म्हणायचे, तुम्हीच सांगा, माझं कोण ऐकतंय.

त्या दिवशी लाइट जाऊन आली म्हणून भट्टीचं काम लांबलं. पाच वाजून गेले, दिवेलागण झाली. पहिल्या पाळीची भट्टीवरची माणसं एकेक करत सुटली, अंगठा लावून, खिडकीशी थांबून गेली. सगळ्यात शेवटी दादू मिस्त्री गेला. तो भट्टीवरचा जुना माणूस. त्यानंतर वॉचमन फेरी मारत आला, तर टाइम ऑफिसात दिवा चालू आणि अण्णा टेबलावर डोकं टेकून. त्याला वाटलं डुलकी लागली. हलवलं तर काही नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे अण्णांना खुर्चीत बसवून, फुलं बांधून नेलं. भट्टीवरची सगळी माणसं हुपरीला आली होती. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले, हुंदके देऊन रडले. घरचं म्हणून कुणी गेलं तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

आणि मग कंपनीचा कागद आला.

कामावर असताना माणूस गेला तर घरच्यांना भरपाई मिळते. अक्कांनी अर्ज केला होता. कंपनीनं लिहिलं, कै. मगदूम यांची ड्यूटी पाच वाजता संपली होती, त्यानंतर ते आपल्या मर्जीने आवारात थांबले होते. सोबत हजेरीचा उतारा जोडलेला, माझ्याच सॉफ्टवेअरमधून काढलेला. त्यात अण्णांची हजेरी पाचला बंद. म्हणजे कंपनीच्या लेखी माणूस घरी गेला होता. सहानुभूती म्हणून काही रक्कम देऊ, पण 'मर्जीने थांबले होते' यावर सही करा.

मी तो कागद घेऊन एचआरच्या साहेबांकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "रेकॉर्ड काय म्हणतंय ते बघायला लागतं." मी म्हटलं, "रेकॉर्ड मी बसवलंय साहेब, ते काय म्हणतंय ते मला शिकवू नका. ते एवढंच म्हणतंय की पाचनंतर स्टाफचं कुणी बघायचं नाही." त्यांनी पाणी मागवलं. माझ्यासाठी.

धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये पुन्हा एकदा बसणं झालं. या वेळी अक्का, मी, आणि अक्कांनी बोलावलं म्हणून दादू मिस्त्री. धाकटे साहेब टेबलावरच्या उताऱ्याकडे बघत होते, अक्कांकडे नाही. दादू टोपी हातात घेऊन उभा होता. त्याला विचारलं, तुला काय सांगायचंय?

"साहेब, मी निघालो तवा साडेसात झालते. माझा अंगठा बघा, त्यात हाय. अंगठा लावला आन् खिडकीवर गेलतो. म्हटलं, अण्णा, निघालो. अण्णा म्हणालं, नीट जा." त्यानं उताऱ्याकडे बोट दाखवलं. "पाचला घरला गेल्याला माणूस साडेसातला मला 'नीट जा' म्हणतोय व्हय?"

मी कॉम्प्युटरवर दादूची वेळ काढून दाखवली. साडेसातच्या पुढे दोन मिनिटं. ती वेळ तिथं होती, कारण अण्णांनी कामगारांची हजेरी उघडी ठेवायला लावली होती. धाकट्या साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "अक्का, तुम्ही समजून घ्या. एकाला मान्य केलं तर सगळा स्टाफ मागेल. रक्कम वाढवून देतो. सही करा."

अक्का उठल्या. पैशांची गरज नव्हती असं नाही. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, दिवसभर पैंजणांना घुंगरं जोडून बोटं सोललेली होती.

"मर्जीनं थांबलं म्हणून मी लिहून देणार न्हाय," त्या म्हणाल्या. "मर्जी असती तर घरला आलं असतं. रोज ताट वाढून बसत हुतो मी."

प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. अजून तारखा पडतायत. अक्का हुपरीहून येतात, मी कोल्हापुरातून जाते, बाकावर बसतो आणि पुढची तारीख घेऊन परत येतो. दादू मिस्त्रीला भट्टीवरून काढून गोडाऊनला टाकलं. आणि मला कंपनीचा निरोप आला की कामगारांची हजेरीसुद्धा यापुढे पाचला आपोआप बंद करा. मी नाही म्हटलं. जिथं जिथं 'नाही' लिहिता येतं तिथं लिहून दिलं. त्यांनी सॉफ्टवेअरसाठी दुसरी कंपनी बघितली. नवे नियम सुरू झाले, आणि मला फक्त जुनी माहिती काढून द्यायला बोलावलं.

मी अण्णांच्या खुर्चीवर बसून काम करत होते. टेबलावर त्यांचं एक पेन अजून पडलेलं. खिडकीला आतून पत्रा मारला होता. पाचचा भोंगा होऊन गेला, बाहेर अंधारून आलं. पडद्यावर पहिल्या पाळीची सगळी नावं पाचला बंद झालेली होती, एका ओळीत, एकसारखी.

तेवढ्यात पत्र्यावर टकटक झाली. बाहेरून कुणीतरी दमलेल्या आवाजात म्हणालं, "अण्णा, निघालो."

आवाज ओळखीचा नव्हता. नवा कुणी असेल, अण्णांना न बघितलेला. दुसरे करतात म्हणून करत असेल. पडद्यावर तो केव्हाच घरी पोचला होता. मी पत्र्याला तोंड लावलं आणि जोरात म्हटलं, "नीट जा."